रुग्णाची खातेवही

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, बाजार समितीचे कायदे, कर आणि वाहतूक या विषयांवर लेख येत असतात, आणि ते यावेत हे योग्यच आहे. मीही पूर्वी दोन वेळा डाळींच्या व्यापारावर चार शब्द लिहिले आहेत. या वर्षी संपादक मंडळाने लेखाविषयी विचारणा केली तेव्हा मी एक निराळाच विषय कळविला. धान्याच्या अडत्याने रुग्णालयातील कागदपत्रांविषयी काय लिहावे, असे काही बंधूंस वाटेल. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकशास्त्रात मला गती नाही. परंतु चाळीस वर्षे वह्या लिहिण्यात आणि दुसऱ्यांच्या वह्या ताडून पाहण्यात गेली आहेत, आणि हा विषय मुळात वहीचाच आहे.

प्रथम जे घडले ते सांगतो. आमच्या निपाणीच्या दुकानात एक दिवाणजी आहेत. वडिलांच्या वेळेपासून ते आमच्याकडे आहेत. २०१४ साली कोल्हापूर येथील एका रुग्णालयात त्यांच्या हृदयाची एक झडप बदलण्यात आली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी एक गोळी ते नित्य घेत असत आणि महिन्यास एकदा रक्त तपासून गोळीचे प्रमाण कमीअधिक करून घेत असत. कामात त्यांनी कधी खंड पडू दिला नाही. २०२२ साली दिवाळीच्या अगोदर वसुलीसाठी ते बेळगावास रविवार पेठेत गेले होते. एका गाळ्याच्या पायऱ्या उतरताना त्यांचा पाय घसरला आणि डोके दगडी उंबऱ्यावर आपटले. प्रथम ते उठून बसले, पाणी प्याले, 'काही नाही, काही नाही' म्हणाले. अर्ध्या तासाने त्यांची जीभ जड झाली. पेठेतील व्यापाऱ्यांनी त्यांस तत्काळ रिक्षात घालून एका मोठ्या रुग्णालयात पोहोचविले आणि मला दूरध्वनी केला. मी निपाणीहून निघालो. अंतर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर.

मी पोहोचलो तेव्हा मेंदूचे चित्र काढून झाले होते आणि आत रक्तस्राव होत असल्याचे दिसत होते. रक्त गोठण्यास फार वेळ लागत आहे, हेही तपासणीत कळले होते. छातीवरील व्रण पाहून हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, इतका तर्क डॉक्टरांनी केला होता. परंतु त्यांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांपैकी एकाचेही उत्तर मजजवळ नव्हते. कोणती झडप बदलली? ती धातूची आहे की प्राण्याच्या ऊतीची? गोळी कोणती, मात्रा किती, शेवटची तपासणी केव्हा? पूर्वी कोणत्या इंजेक्शनाने अंगावर पुरळ उठले होते काय? डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले की, गोळीचा प्रभाव उतरविला नाही तर मेंदूतील रक्त थांबणार नाही, आणि हिशोब न पाहता तो एकदम उतरविला तर त्या झडपेवर रक्ताची गुठळी बसेल. म्हणजे दोन्ही बाजूंस खड्डा.

दिवाणजींचा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास. त्यांच्या पत्नी त्या दिवशी कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनास गेलेल्या आणि कागदांच्या पिशवीच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. कोल्हापूरच्या रुग्णालयास आम्ही दूरध्वनी केला. पलीकडील गृहस्थ सौजन्याने बोलले. परंतु नोंदींची खोली सायंकाळी सहास बंद होते, उद्या नातेवाइकाने ओळखपत्रासह अर्ज आणावा, असा नियम त्यांनी सांगितला. मी त्यांना दोष देत नाही. आमच्याकडेही कोणी रात्री दूरध्वनी करून दुसऱ्याच्या खात्यातील बाकी विचारली तर आम्ही ती सांगणार नाही.

अखेरीस मार्ग निघाला तो व्यापाराच्याच वाटेने. दिवाणजी आपल्या गोळ्या आमच्या पेठेतील एका औषध दुकानदाराकडून महिन्याच्या उधारीवर घेत असत. रात्री साडेआठास त्या सद्गृहस्थाने बंद केलेले दुकान पुन्हा उघडले, उधारीची वही काढली आणि गेल्या आठ महिन्यांत दिलेल्या गोळ्यांची नावे, मात्रा व तारखा मोबाइलवर छायाचित्र काढून पाठविल्या. त्या वहीच्या पानाला टाचणीने एक जुनी चिठ्ठी लावलेली होती. तीवर झडपेचा प्रकार आणि तिची जागा कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरात लिहिलेली होती. त्यानंतर उपचारास दिशा मिळाली. माझ्या घड्याळाप्रमाणे मधे साडेतीन तास गेले होते.

दिवाणजी वाचले. त्यांचा उजवा हात मात्र परत आला नाही. तो उशीर झाला नसता तर हात राहिला असता काय, असे मी नंतर डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, 'तसे सांगता येणार नाही. कदाचित राहिला असता, कदाचित नाही.' त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. परंतु ज्या माणसाचे अक्षर पाहून परगावचे व्यापारी आमची पत्रे ओळखत, त्याचा हात उधारीच्या वहीची वाट पाहत पडून राहिला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता आपल्या भागाकडे वळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यातील एक चंदगड तालुका मात्र मागे ठेवून तो कोल्हापूर जिल्ह्यास जोडण्यात आला. सीमेचा तंटा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्यात मी येथे शिरत नाही. स्मरणिकेची ती जागा नव्हे. परंतु आजार सीमा पाहत नाही, हे आपण सर्वजण रोज पाहतो. चंदगडचा रुग्ण आजही बेळगावास येतो, कारण कोल्हापूर त्यास शंभर किलोमीटरांहून दूर पडते आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. उलट निपाणीचा रुग्ण कोल्हापुरास धावतो, कारण ते चाळीस किलोमीटरांवर आहे आणि त्याच्या जिल्ह्याचे ठिकाण जवळजवळ दुप्पट अंतरावर. चिकोडी आणि रायबाग भागातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मिरजेच्या मिशन रुग्णालयाची वाट चालत आली, डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या त्या रुग्णालयाचे नाव आमच्या आजीच्या तोंडी सासर-माहेराच्या नावांइतकेच सहज असे. तिचा एक्सरे आमच्या घरी उशीच्या अभ्र्यात ठेवलेला होता, आणि मिरजेस जाताना वडील तो अभ्रा धान्याच्या नमुन्यांच्या पिशवीत घालून नेत. आजी एक्सरेला 'माझी हुंडी' म्हणत असे. त्या वेळी आम्ही मुले हसत असू.

रुग्णवाहिकेचा क्रमांक दोन्ही राज्यांत १०८ हाच आहे, परंतु यंत्रणा दोन आहेत. सरकारी योजनाही दोन: इकडे आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक, तिकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ही दुसरी योजना सीमाभागातील ८६५ गावांस लागू केली, तेव्हा कर्नाटक शासनाने तीस हरकत घेतली, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. बिल कोणी भरावे यावर दोन सरकारांत एवढी चर्चा झाली. परंतु इकडच्या रुग्णाचा केसपेपर तिकडच्या डॉक्टरच्या टेबलावर कसा पोहोचावा, यावर चर्चा झाल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

आपल्या घरांतील लेकीबाळींचेच पाहा. निपाणीची मुलगी कागलला द्यावी, गडहिंग्लजची सून संकेश्वरास आणावी, हा आपला रोटीबेटी व्यवहार सीमेने थांबलेला नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. मुलगी सातव्या महिन्यात माहेरी येते तेव्हा तिच्याजवळ सासरच्या राज्यातील कार्ड असते. कर्नाटकात त्यास तायी कार्ड म्हणतात आणि ते कन्नडमध्ये असते. महाराष्ट्रातील माता-बालकाचे कार्ड मराठीत. ते हाती घेणारी परिचारिका पलीकडची भाषा वाचणारी असेलच असे नाही. मग तीच रक्ततपासणी पुन्हा, तोच रक्तगट पुन्हा, आणि धनुर्वाताची सुई मागे दिली होती की नाही याची पुन्हा चौकशी. त्या वेळी घरातील वडीलधाऱ्या बाईच्या स्मरणावर भिस्त ठेवावी लागते. आमच्या बायकांचे स्मरण चांगले आहे हे खरे. तथापि ज्या सुनेचा रक्तगट ऋण असेल, तिच्या बाबतीत स्मरणाची चूक दुसऱ्या बाळंतपणात महाग पडते.

या सर्वांवर उपाय म्हणून केंद्र सरकारने जी व्यवस्था आरंभिली आहे तिचे नाव आयुष्मान भारत डिजिटल मिशन. १५ ऑगस्ट २०२० रोजी तिची घोषणा झाली, आरंभी सहा केंद्रशासित प्रदेशांत ती चालविण्यात आली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ती सर्व देशात लागू झाली. तीत प्रत्येक इच्छुक नागरिकास चौदा अंकी क्रमांक मिळतो. त्यास आभा क्रमांक म्हणतात. ७० कोटींहून अधिक क्रमांक देशात निघाले आहेत. आपल्यापैकी अनेकांचा तो निघालाही असेल आणि आपणांस त्याचा पत्ताही नसेल. लसीकरणाच्या वेळी किंवा रुग्णालयाच्या खिडकीवर आधारचा क्रमांक देताना तो पुष्कळांचा निघाला आहे. दिवाणजींचाही निघालेला होता, हे आम्हांस मागाहून कळले. परंतु तो रिकाम्या खात्यासारखा होता; कोल्हापूरची एकही नोंद त्यास जोडलेली नव्हती.

ही व्यवस्था चालते कशी, हे समजून घेण्यास मला दोन दुपारी लागल्या. शहरातील एका डॉक्टर मित्राने समजाविले, पण ते माझ्या गळी उतरेना. मग मला हुंडी आठवली आणि सर्व उलगडा झाला. आपल्या पूर्वजांच्या हुंडीत रुपये प्रवास करीत नसत. रुपये ज्या पेढीवर असत तेथेच राहत. प्रवास करी तो कागद. या व्यवस्थेतही तसेच आहे. आपले सर्व रिपोर्ट उचलून दिल्लीच्या एका मोठ्या कोठारात भरले जात नाहीत. ज्या रुग्णालयाने ते तयार केले, त्याच्याजवळच ते राहतात. चौदा अंकी क्रमांकावरून फक्त इतके कळते की, या माणसाचे खाते अमुक अमुक ठिकाणी आहे. दुसऱ्या रुग्णालयास ते पाहावयाचे असल्यास ते मागणी करते. मागणी रुग्णाच्या मोबाइलवर येते. कोणास, कशासाठी, कोणत्या काळातील नोंदी आणि किती दिवस पाहू द्यावयाच्या, हे रुग्ण ठरवितो आणि होकार देतो. तो होकार पुढे परतही घेता येतो. शहाजोग हुंडीचे रुपये ज्याप्रमाणे ओळखीपाळखीच्या, पत असलेल्या माणसासच मिळत, वाटेवरच्या कोणासही नव्हे, तद्वत हे आहे.

हुंडीची आणखी एक गोष्ट तरुण व्यापाऱ्यांस ठाऊक नसेल. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत काढता येई, तीस पैठ म्हणत. पैठही हरवली तर परपैठ काढीत. कागद वाटेत भिजेल, चोरीस जाईल, टपालवाला नदीत पडेल, हे धरूनच जुन्या सावकारांनी व्यवहार बांधला होता. आजच्या रुग्णालयांत कोट्यवधी रुपयांची यंत्रे आहेत, परंतु पैठेची सोय अनेक ठिकाणी नाही.

ती का हवी, हे आपल्या भागास निराळे सांगावयास नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगली येथे काय झाले ते आपण पाहिले. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता आणि आपल्या मालाच्या गाड्या रस्त्याच्या कडेस उभ्या होत्या. जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले. घरात पाणी शिरते तेव्हा माणूस प्रथम लेकरे घेतो, मग दागिने घेतो; रिपोर्टांची फाइल कोणी घेत नाही. पूर ओसरल्यावर मधुमेहाचा, रक्तदाबाचा, फिटचा रुग्ण छावणीत येऊन सांगतो, 'एक लहान पांढरी गोळी होती.' लहान पांढऱ्या गोळ्या बाजारात किती आहेत, हे कोणत्याही औषध दुकानदारास विचारावे.

परदेशातही हेच घडले आहे. अमेरिकेत ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना नावाच्या चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. तेथील रुग्णालयांतील कागदी नोंदी मोठ्या प्रमाणावर चिखलात गेल्या. परंतु निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनी आपल्या नोंदी आधीच संगणकावर ठेवलेल्या होत्या. त्यांचे रुग्ण निर्वासित होऊन दूरच्या राज्यांत गेले तरी तेथील डॉक्टरांस त्यांचे खाते उघडता आले. इतरांसाठी काय करावे, हा प्रश्न पडला तेव्हा औषध दुकानांच्या विक्रीच्या नोंदी एकत्र करून त्या डॉक्टरांस पाहण्याची सोय थोड्याच दिवसांत करण्यात आली. हे मी वाचले तेव्हा मला आमच्या पेठेतील ती उधारीची वही आठवली. एवढ्या श्रीमंत देशातही संकटाच्या वेळी शेवटी औषध दुकानदाराची वहीच पुढे आली.

साथीच्या रोगाचेही तसेच. १८९७-९८ च्या सुमारास बेळगाव, धारवाड, हुबळी या भागांत प्लेगने हाहाकार केला, आणि हाफकीन यांची लस टोचून घेतलेल्यास दाखला मिळत असे. तो दाखला जवळ असला म्हणजे अलग ठेवण्याच्या जाचातून काहीशी सवलत मिळे. म्हणजे आरोग्याचा कागद एका गावातून दुसऱ्या गावी चालावा, ही कल्पना आपल्या भागास सव्वाशे वर्षांची जुनी आहे. २०२१ साली कोगनोळीच्या नाक्यावर आपण पुन्हा तेच अनुभविले. बहात्तर तासांच्या आतील तपासणीचा दाखला दाखविल्यावाचून पलीकडची माणसे अलीकडे घेत नव्हते. कोणाचा दाखला मोबाइलवर, कोणाचा ओल्या खिशात, कोणाचा मराठी माणसाने इंग्रजीत लिहिलेला आणि कन्नड शिपायाने तपासलेला. परंतु त्याच वर्षी दुसरीही गोष्ट झाली. १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झालेल्या लसीकरणात कोविन या व्यवस्थेने सर्व देशास एकच नोंदवही दिली. पहिली मात्रा कोल्हापुरात आणि दुसरी निपाणीत घेतली तरी दाखला एकच निघे, आणि तो दोन्ही राज्यांत चाले. तेव्हा सीमा आड येते ही सबब मला पटत नाही. मनात आणले तर ती आड येत नाही.

आपल्या धंद्यातील उदाहरण तर समोरच आहे. १ जुलै २०१७ पासून नवा कर आला आणि जकातीचे व विक्रीकराचे नाके उठले. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या करपात्र मालास ई-वे बिल लागू झाले. साखरेची गाडी एका क्रमांकावर बेंगळुरूपासून पुण्यापर्यंत जाते आणि वाटेत कोणीही अधिकारी तो क्रमांक पाहून माल कोणाचा, कोठून निघाला, कोठे चालला, हे सांगू शकतो. त्याच गाडीचा चालक कोगनोळीजवळ छातीत कळ येऊन कोसळला तर त्याच्याविषयी कोणीही काही सांगू शकत नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे आपणांस आपल्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने सांभाळाव्या लागतात. डॉक्टरांसाठी वैद्यक परिषदेचे २००२ चे जे नियम झाले, त्यांत दाखल रुग्णाच्या नोंदी उपचाराच्या आरंभापासून तीन वर्षे ठेवाव्यात आणि रुग्णाने मागितल्यास बहात्तर तासांच्या आत द्याव्यात, असे आहे. एका डाळीच्या पोत्याचा हिशोब सहा वर्षे आणि माणसाच्या काळजाचा तीन! दिवाणजींची शस्त्रक्रिया होऊन आठ वर्षे झाली होती; दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेलो असतो तरी ती फाइल मिळाली असती काय, याची मला शंका आहे. आणि मागण्याचा हक्क असूनही आपल्यापैकी किती जण ती मागून घेतात? बिल भरल्याची पावती आपण जपून ठेवतो, कारण ती पैशाची असते.

आता दुसरी बाजू. ती मी टाळली तर जुने व्यापारी मला हसतील. वही उघडी ठेवणे कोणास आवडते? माझेच सांगतो. मला मधुमेह आहे हे मी अकरा वर्षे बाजारात कोणास कळू दिले नाही. चहात साखर नको म्हणताना 'व्रत आहे' असे सांगत असे. कारण उघड आहे. आपला सर्व व्यवहार उधारीवर आणि शब्दावर चालतो. धनी आजारी आहे, असे एकदा पसरले की देणारे हात आखडता घेतात आणि घेणारे वसुलीस येतात. मुलींच्या बाबतीत तर विचारूच नये. क्षय पूर्ण बरा झालेल्या मुलीचे कागद घरातील मंडळींनी चुलीत घातल्याचे मला माहीत आहे, केवळ स्थळ येताना ते कोणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून. त्या मंडळींना अज्ञानी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांची भीती खोटी नव्हती.

शिवाय चोरीचे भय आहेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स या देशातील अग्रगण्य रुग्णालयाचे संगणक बाहेरच्या चोरांनी बंद पाडले आणि कित्येक दिवस तेथे सर्व काम हाताने कागदावर करावे लागले. जेथे कुलूप आहे तेथे चोर आहे. एस्टोनिया नावाच्या छोट्या युरोपीय देशात २००८ पासून सर्व देशाच्या आरोग्यनोंदी जोडलेल्या आहेत. तेथे आपले खाते कोणत्या डॉक्टरने कोणत्या दिवशी उघडले हे नागरिकास स्वतः पाहता येते, आणि कारण नसता कोणी डोकावले तर त्यास जाब द्यावा लागतो. मला हा मार्ग पसंत पडला. वही बंद ठेवण्यापेक्षा, ती कोणी उघडली याची नोंद ठेवणारा दिवाणजी बसविणे अधिक शहाणपणाचे. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला. त्यात होकाराशिवाय माहिती वापरण्यास सामान्यतः मनाई आहे. परंतु जीवावर बेतलेल्या वैद्यकीय प्रसंगी व साथीच्या वेळी होकारासाठी थांबण्याची आवश्यकता नाही, अशी सवलतही आहे. आपल्या पश्चात किंवा आपण असमर्थ झाल्यास आपले हक्क कोणी वापरावेत, त्याचे नाव नेमून ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. बँकेच्या ठेवीवर वारस नेमण्यास आपण विसरत नाही; येथेही ते नाव घातलेले असावे. बेशुद्ध माणूस मोबाइलवर होकार देऊ शकत नाही, ही साधी गोष्ट आहे, आणि त्या रात्री रुग्णालयात दिवाणजींचा मोबाइल त्यांच्याच खिशात कुलूपबंद वाजत होता.

कायदा आहे, व्यवस्था आहे, तरी सर्व रुग्णालये तीस जोडली गेलेली नाहीत. मोठ्या रुग्णालयांनी आरंभ केला आहे; पेठेतील दोन खाटांचा दवाखाना, रक्त तपासणारा, औषध दुकानदार हे पुष्कळसे बाहेरच आहेत. त्यांस संगणकावर लिहिण्यास माणूस ठेवावा लागतो आणि त्या माणसाचा पगार रुग्णाच्या बिलात बसत नाही. दुसरी अडचण भाषेची व मांडणीची. एकच गोळी दहा कंपन्यांची दहा नावे धारण करून येते. कोल्हापूरचा डॉक्टर एक नाव लिहितो, बेळगावचा दुसरे, आणि रुग्ण दोन्ही घेतो, म्हणजे दुप्पट घेतो. जोपर्यंत औषधाचे मूळ नाव लिहिण्याची शिस्त सर्वत्र लागत नाही, तोपर्यंत नोंदी जोडल्या तरी त्या जुळणार नाहीत. दोन पेढ्यांच्या वह्यांत एकाने बारदानासह वजन धरले आणि दुसऱ्याने वजा करून, तर खाते कसे मिळेल?

हे सर्व होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या दुकानापुरते आम्ही जे केले ते सांगतो. कोणास अनुकरणीय वाटले तर पाहावे. आमच्याकडे दिवाणजींसह नोकर व हमाल मिळून चौदा माणसे आहेत. हमाल मंडळी पोते उचलतात, पूर्वी शंभर किलोचे उचलीत, आता पन्नासाचे. पण पाठ, गुडघे आणि छाती यांची झीज तीच. त्यांच्यापैकी कोणाजवळ स्वतःचा एकही वैद्यकीय कागद नव्हता. औषध दुकानदाराच्या आणि माझ्या डॉक्टर मित्राच्या मदतीने आम्ही प्रत्येकाचे एक जाड कार्ड केले. त्यावर रक्तगट, चालू असलेली औषधे मूळ नावाने, कोणते औषध सोसत नाही ते, पूर्वीची शस्त्रक्रिया, रुग्णालयाचे नाव, आणि घरातील दोन माणसांचे दूरध्वनी. मजकूर एका बाजूस मराठी व कन्नड, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. ज्यांचा आभा क्रमांक निघाला होता त्यांचा तोही घातला, आणि ज्या रुग्णालयांत ते जातात तेथील खिडकीवर नोंदी जोडण्याविषयी सांगितले. काही ठिकाणी जोडून मिळाल्या, काही ठिकाणी 'पुढच्या महिन्यात या' असे उत्तर मिळाले. कार्डाची एक प्रत खिशात, एक घरी, आणि एक दुकानाच्या तिजोरीत. तिजोरीतली प्रत म्हणजे पैठ, असे मी म्हणालो. ते फक्त दिवाणजींना कळले आणि ते हसले.

एका हमालाने मात्र कार्ड करण्यास नकार दिला. त्याला काय आहे ते मला ठाऊक नाही आणि मी विचारले नाही. त्याचे नाव यादीत कोरे आहे. त्याने एवढेच सांगितले, 'अण्णा, ते माझ्या बायकोला माहीत आहे.' मी त्याच्या बायकोचा क्रमांक लिहून ठेवला.

कार्डांचा मजकूर लिहिण्याचे काम दिवाणजींनी मागून घेतले. ते डाव्या हाताने लिहावयास शिकत आहेत. पहिली तीन कार्डे त्यांनी स्वतः लिहिली. अक्षर वाकडे आले, ओळी उतरल्या, म्हणून त्यांनी ती फाडली. मग ते सांगत गेले आणि माझ्या नातवाने लिहिले. स्वतःचे कार्ड मात्र त्यांनी कोणास लिहू दिले नाही. त्यावर झडपेपुढील शब्द एका बाजूस कलला आहे, पण वाचता येतो; ते आता त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात असते.